सनफोर्जर: काउंटरस्पेलवाल्यासमोर हे शस्त्र कितपत चालतं?

‘मी काउंटर केला ना, मग तुझं पान आलं कुठून?’ सनफोर्जर टेबलावर असला की हा वाद हमखास होतो. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या ‘रॅव्हनिका: सिटी ऑफ गिल्ड्स’ या ऑक्टोबर २००५च्या संचात हे कार्ड आलं. इतकी वर्षं झाली तरी कमांडर या खेळप्रकाराच्या लाल-पांढऱ्या डेकमध्ये ते अजून घातलं जातं आणि अजून चुकीचं खेळलं जातं. चुका दोन्हीकडून होतात. ज्याच्याकडे शस्त्र आहे तो ते घाईने उडवतो, म्हणजे त्याची मुख्य क्षमता वापरतो, आणि समोरचा निळा (निळ्या रंगाची पानं खेळणारा) खेळाडू काउंटरस्पेल, म्हणजे दुसऱ्याचं टाकलेलं पान रद्द करणारं पान, भलत्याच वेळी काढतो. म्हणून सनफोर्जर चांगला की वाईट एवढंच सांगून भागत नाही. तो नेमका कुठे अडवता येतो, ते आधी पाहायला हवं.

कार्ड असं आहे: किंमत ३ माना (माना म्हणजे मुख्यतः जमिनींतून मिळणारी, पानांची किंमत भरायची ऊर्जा), कोणत्याही रंगाचा चालतो. लावलेल्या क्रीचरला (लढणाऱ्या प्राण्याच्या पानाला) +४/+०, म्हणजे वार ४ने वाढतो. इक्विप करायला, म्हणजे शस्त्र क्रीचरला लावायला, ३. मग मुख्य ओळ: एक लाल आणि एक पांढरा माना भरा, सनफोर्जर क्रीचरवरून काढा, लायब्ररीतून (आपल्या पानांच्या गठ्ठ्यातून) माना व्हॅल्यू (छापलेली किंमत) ४ किंवा त्याहून कमी असलेलं एक लाल किंवा पांढरं इन्स्टंट (कोणाच्याही पाळीत टाकता येणारं पान) शोधा, ते फुकटात कास्ट करा, म्हणजे टाका, आणि लायब्ररी पिसा. म्हणजे पहिल्यांदा चालवायला ३ + ३ + २ असे एकूण ८ माना लागतात आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५. स्वस्त अजिबात नाही. टॅप करायची (पान आडवं करून वापरायची) अट मात्र नाही, त्यामुळे आत्ताच आलेल्या क्रीचरला लावून त्याच क्षणी उडवता येतो.

आता काउंटरस्पेल. ते स्टॅकवरच्या स्पेलला लागतं, अॅबिलिटीला नाही. स्टॅक म्हणजे टाकलेल्या पण अजून लागू न झालेल्या गोष्टींची रांग, स्पेल म्हणजे टाकलेलं पान, आणि अॅबिलिटी म्हणजे पानाची क्षमता. सनफोर्जरच्या आयुष्यात स्पेल फक्त दोनदा स्टॅकवर येतो: एकदा सनफोर्जर स्वतः कास्ट होताना, आणि नंतर त्याने काढलेलं इन्स्टंट कास्ट होतं तेव्हा. मधल्या दोन गोष्टी, म्हणजे इक्विप करणं आणि शस्त्र सोडवून शोध सुरू करणं, या अॅक्टिव्हेटेड, म्हणजे किंमत भरून चालवायच्या, अॅबिलिटी आहेत. त्यांच्यावर काउंटरस्पेल, नेगेट यांतलं काही टाकताच येत नाही. टार्गेटच बेकायदा होतं. तिथे लागतं स्टायफल, टेल्स एंड, डिसॅलो अशा जातीचं पान, जे अॅबिलिटीला काउंटर करतं.

समोरच्या बाजूने बघितलं तर सनफोर्जर मारायची सर्वांत स्वस्त वेळ पहिली आहे, तो कास्ट होताना. दोन निळे माना आणि विषय संपला. त्यामुळे समोर दोन निळ्या जमिनी उभ्या असताना तिसऱ्याच टर्नला सगळा माना ओतून सनफोर्जर टाकणं म्हणजे शस्त्र आयतं वाया घालवणं. आधी दुसरं काहीतरी टाकून त्यांचं काउंटर काढून घ्या, किंवा सनफोर्जर कास्टच करू नका. स्टोनफोर्ज मिस्टिक हातातलं इक्विपमेंट थेट बॅटलफिल्डवर ठेवते. तो स्पेल नसल्यामुळे काउंटरस्पेल हातातच राहतं. सिगार्डाज एडही उपयोगी आहे: इक्विपमेंट इन्स्टंटच्या वेगाने टाकता येतं आणि आल्या आल्या क्रीचरला लागतं, म्हणजे इक्विपचे ३ माना वाचतात. मात्र कास्ट करण्याचा धोका तिथे उरतोच.

इक्विपच्या वेळी खरी भीती साध्या रिमूव्हलची, म्हणजे टेबलावरचं पान हटवणाऱ्या पानाची, असते. अॅबिलिटी स्टॅकवर असताना ज्याच्यावर शस्त्र जायचं होतं ते क्रीचर मेलं, की ३ माना गेले आणि सनफोर्जर होता तिथेच राहिला. तो आधी कशालाच लावलेला नसेल तर तुमच्या हातात त्या क्षणी काहीच नाही. पण तो आधीच दुसऱ्या क्रीचरवर असेल तर हलवताना तो शेवटपर्यंत जुन्यावरच असतो, आणि तिथून उडवता येतो. टेबलावर दोन क्रीचर असतील तर या गोष्टीचा फायदा घ्या.

सर्वांत जास्त गोंधळ पुढच्या पायरीवर होतो, म्हणून ती जरा सावकाश पाहू. लाल आणि पांढरा माना भरला, शस्त्र क्रीचरवरून काढलं. हे काढणं किमतीचा भाग आहे. किंमत भरून झाली की ती कोणी परत करून देत नाही. म्हणून आता समोरच्याने क्रीचर मारलं तरी फरक पडत नाही, शस्त्र त्याच्यावर नाहीच. त्याने सनफोर्जरच फोडला तरीही शोध होणारच, कारण स्टॅकवर गेलेली अॅबिलिटी तिच्या उगमापासून मोकळी असते. याच कारणाने सनफोर्जरवर किंवा त्याच्या क्रीचरवर कोणी रिमूव्हल टाकलं की हाताशी लाल-पांढरा माना असलेला खेळाडू उत्तरादाखल शस्त्र उडवतो आणि त्या रिमूव्हलची हवा काढून घेतो. समोरच्याला यातून सुटायचं असेल तर स्प्लिट सेकंड असलेलं, म्हणजे उत्तर द्यायला वाव न देणारं, पान हवं. क्रोसन ग्रिप स्टॅकवर असताना सनफोर्जर उडवता येत नाही. हिरव्या खेळाडूकडे हे पान असेल तर पाच माना एका शस्त्रात गुंतवताना दोनदा विचार करा.

अॅबिलिटी रिझॉल्व्ह व्हायला, म्हणजे प्रत्यक्ष लागू व्हायला, लागली की मध्ये कोणालाही प्रायॉरिटी (काही टाकायची पाळी) मिळत नाही. शोधणं, निवडणं, टार्गेट ठरवणं, कास्ट करणं, पिसणं हे सगळं एका दमात होतं. ‘तू शोधलंस, आता कास्ट करायच्या आधी मी...’ असं म्हणायला जागाच नाही. पान हातातही येत नाही, ते लायब्ररीतून सरळ स्टॅकवर जातं. पिसून झाल्यावर मग प्रायॉरिटी फिरते, आणि तेव्हा समोरचा ते इन्स्टंट काउंटर करू शकतो. हा क्रम डोक्यात ठेवला की एक छोटा फायदा आपोआप कळतो. सनफोर्जरमधून एनलायटन्ड ट्यूटर काढला तर लायब्ररी आधी पिसली जाते आणि ट्यूटर नंतर रिझॉल्व्ह होतो. वर ठेवलेलं पान त्यामुळे सुरक्षित राहतं.

यावरून निळ्या खेळाडूने कधी थांबावं तेही ठरतं. स्टायफल असेल तर त्याला अंधारात टाकावं लागतं, कारण कोणतं पान येणार ते ठरलेलंच नसतं. पण बसलं तर नुकसान मोठं: दोन माना गेले, शस्त्र सुटलेलं, पुन्हा लावायला आणखी ३. साधं काउंटरस्पेल असेल तर पान उघड होईपर्यंत थांबा आणि मग ठरवा. सनफोर्जरवाल्याचं गणित मात्र अॅबिलिटी रिझॉल्व्ह होईपर्यंत खुलं असतं, आणि ५ माना घालून विकत काय घेतलं तर हेच.

एक उदाहरण घ्या. समोरच्याने चारही जमिनी टॅप करून राथ ऑफ गॉड (सगळी क्रीचर मारणारं पान) टाकलं. तुमच्याकडे लावलेला सनफोर्जर आणि एक लाल, एक पांढरा माना. उडवलात, आणि रिझॉल्व्ह होताना समोर एकही जमीन उभी नाही असं दिसतंय. मग माना टाइद काढा. समोरच्याने १ माना भरला नाही तर स्पेल काउंटर होतो, आणि इथे भरायला काही नाहीच. त्याने पाचवी जमीन राखून ठेवली असेल तर माना टाइद फुकट जाईल. तेव्हा बोरोस चार्म काढून तुमच्या सगळ्या परमनंटना (टेबलावर राहणाऱ्या पानांना) इनडिस्ट्रक्टिबल, म्हणजे नष्ट न होणारी, करा. तेच स्पेल जर तुमच्या क्रीचरवर टाकलेलं स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स असतं तर इनडिस्ट्रक्टिबलचा उपयोग नव्हता, कारण ते नष्ट न करता एक्झाइल करतं, म्हणजे डावाबाहेर काढतं. तिथे रिबफ द विकेड लागतं, जे तुमच्या परमनंटला टार्गेट करणारा स्पेल काउंटर करतं. तीन प्रसंग, तीन पानं, आणि हातात यांतलं एकही नको.

पांढऱ्यात काउंटर? हो, आहेत. माना टाइद आणि रिबफ द विकेडशिवाय लॅप्स ऑफ सर्टन्टी आहे. काउंटर झालेला स्पेल ते मालकाच्या लायब्ररीच्या वर ठेवतं, म्हणजे त्याचा पुढचा ड्रॉही खाल्ला. लालमध्ये रेड एलिमेंटल ब्लास्ट आणि पायरोब्लास्ट निळ्यावर तुटून पडतात. टिबाल्ट्स ट्रिकरी कोणताही स्पेल काउंटर करते, पण त्या बदल्यात समोरच्याला लायब्ररीतून भलतंच काहीतरी फुकट मिळू शकतं. चार जणांच्या डावात ती जपून वापरा. डेकमध्ये निळाही असेल तर मात्र चंगळ. सनफोर्जर फक्त ‘लाल किंवा पांढरं’ एवढंच विचारतो, त्यात दुसरा रंग मिसळलेला असला तरी त्याची हरकत नाही. डोविन्स व्हेटो, अॅब्झॉर्ब, रेंडर सायलेंट, काउंटरफ्लक्स सगळी सापडतात. काउंटरफ्लक्सचं ओव्हरलोड (वेगळी किंमत भरून एकाऐवजी अनेक स्पेलना लावणं) मात्र मिळणार नाही. ती पर्यायी किंमत आहे, आणि ‘फुकट’ हीही पर्यायी किंमतच. दोन्ही एकत्र घेता येत नाहीत.

किकरसारखी जादा किंमत मात्र भरता येते, आणि इथे सनफोर्जरचा सर्वांत मोठा दुबळेपणा आणि त्यावरचा उतारा दोन्ही एकत्र आहेत. तुम्ही भरलेला लाल-पांढरा माना अॅबिलिटीसाठी होता. इन्स्टंटवर काहीच खर्च झालेलं नाही. लव्हिनिया, अझोरियस रेनेगेड आणि बोरोमीर, वॉर्डन ऑफ द टॉवर हे दोघं प्रतिस्पर्ध्याचा असा बिनखर्चाचा स्पेल आपोआप काउंटर करतात. व्हेक्सिंग बाबल तर सगळ्यांचेच करतं. व्हॉइड मिररची अट आणखी बारीक आहे: रंगीत माना खर्च झाला नसेल तर काउंटर. म्हणजे सनफोर्जर स्वतः रंगहीन मानावर कास्ट केलात तर तोही तिथेच मरतो. त्याच्या ३ मानांपैकी निदान एक रंगीत जमिनीतून भरा. आता ओरिम्स चांट घ्या. त्याचं किकर एका पांढऱ्या मानाचं आहे. सनफोर्जरमधून काढून किक केलंत की स्पेलवर रंगीत माना खर्च झाला, आणि वरचे सगळे पहारेकरी गप्प. अशीच गंमत थेलिया, गार्डियन ऑफ थ्रेबनची. ती तुमचं इन्स्टंट १ मानाने महाग करते, पण तो १ माना भरला की लव्हिनियाचा अडथळा आपोआप दूर होतो. काउंटर होऊच न शकणारी पानं, उदाहरणार्थ डोविन्स व्हेटो, यांना तर असल्या अटींची फिकीरच नाही.

माना व्हॅल्यूबद्दल एक गैरसमज कायम ऐकू येतो: ‘फुकट कास्ट केलं म्हणजे शून्य.’ नाही. माना व्हॅल्यू पानावर छापलेल्या किमतीवरूनच ठरते. फुकट आलेलं स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स १ चंच राहतं, म्हणून मेंटल मिसस्टेप त्याला लागतं. लाइटनिंग हेलिक्स २ चं, त्याला स्पेल स्नेअर लागतं. चॅलिस ऑफ द व्हॉइड एकवर असेल तर तुमची एक मानाची सगळी पानं सनफोर्जरमधूनही मरतील. अशा वेळी दोन-तीन मानांचं काढा. एक्स असलेल्या पानांत एक्स शून्यच राहतो, ती या डेकमध्ये नकोत. दोन भागांच्या पानांची व्हॅल्यू २०१७पासून दोन्ही भागांची बेरीज धरली जाते. वेअर-टेअरची बेरीज ३, म्हणून ते सापडतं. पण फ्यूज, म्हणजे दोन्ही भाग एकत्र टाकणं, फक्त हातातून होतं, त्यामुळे दोन्हीपैकी एकच भाग कास्ट करता येईल.

स्टॅकवर न येता सनफोर्जरला अडवणारी पानं वेगळीच, आणि त्यांच्यावर काउंटरचा इलाज नाही. ग्राफडिगर्स केज लायब्ररीतून कास्ट करू देत नाही, ड्रॅनिथ मॅजिस्ट्रेट हाताबाहेरून कास्ट करू देत नाही. शोध होतो, पण पान आतच राहतं आणि तुम्ही फक्त पिसता. एव्हन माइंडसेन्सर असेल तर वरची चारच पानं बघायला मिळतात. टेफेरी, टाइम रॅव्हलर तुम्हाला फक्त सॉर्सरीच्या वेळेला (आपल्याच पाळीच्या मुख्य टप्प्यात, स्टॅक रिकामा असताना) कास्ट करू देतो, आणि अॅबिलिटी रिझॉल्व्ह होत असताना ती वेळ कधीच नसते. नल रॉड किंवा सनफोर्जरचं नाव घेतलेली पिथिंग नीडल असेल तर उडवणं दूरच, इक्विपसुद्धा बंद. टेबलावर यांतलं काही दिसलं की दोन माना भरण्याआधी ते वाचा. किंमत भरल्यावर आठवलं तर शस्त्रही सुटलेलं असतं.

इथे तुलनेसाठी ‘डार्कस्टील’मधला स्पेलबाइंडर घ्यायलाच हवा. तोही ३ मानाचाच, पण इक्विपला ४. आल्यावर हातातलं एक इन्स्टंट त्यात एक्झाइल करायचं. लावलेल्या क्रीचरने खेळाडूला कॉम्बॅट डॅमेज केलं की त्या पानाची प्रत फुकट कास्ट. माना व्हॅल्यूची मर्यादा नाही, आणि प्रत काउंटर झाली तरी मूळ पान तिथेच राहतं, पुढच्या वारात पुन्हा प्रत. कागदावर सनफोर्जरपेक्षा सरस वाटतं. नवे खेळाडू मग त्यात काउंटरस्पेल घालतात, आणि ते शुद्ध वाया जातं. कॉम्बॅट डॅमेज होतं तेव्हा स्टॅक रिकामा असतो. ट्रिगर (डॅमेजमुळे आपोआप सुरू झालेली अॅबिलिटी) स्टॅकवर गेल्यावर कोणी उत्तरात स्पेल टाकला तर तो ट्रिगरच्या वर बसतो आणि आधी रिझॉल्व्ह होऊन जातो. ट्रिगरची पाळी येईपर्यंत काउंटर करायला स्टॅकवर काही उरतच नाही. सनफोर्जर इन्स्टंटच्या वेगाने उडतो, म्हणून त्यातलं काउंटर वेळेवर पोहोचतं. स्पेलबाइंडरमध्ये डॅमेजचं किंवा पान ओढण्याचं इन्स्टंट घालावं, तेही समोरच्याने आल्या आल्या शस्त्र फोडलं तर दोन पानं जातील हे धरून.

सनफोर्जरचा चिकट दोष म्हणजे तो एकाच गोळीचा आहे. काढलेलं इन्स्टंट काउंटर झालं की शस्त्र खाली पडलेलं, आणि इक्विप सॉर्सरीच्या वेगाने. त्याच टर्नला दुसरी गोळी हवी असेल तर ब्रास स्क्वायर ठेवा, तो टॅप होऊन शस्त्र कधीही लावतो. लिओनिन शिकारीने इक्विप इन्स्टंटच्या वेगाने करता येतं, पण दुसऱ्या फेरीचे ५ माना हाताशी हवेत. त्यात प्युअरस्टील पॅलाडिन आणि तीन आर्टिफॅक्ट जमले तर इक्विप शून्यावर येतं, आणि मग प्रत्येक गोळी फक्त दोन मानांची. हे तिन्ही जमलेलं टेबल भीतिदायक असतं, पण जमायला वेळ लागतो.

खर्च झालेली पानं परत आणायला मिस्टव्हेल प्लेन्सला तोड नाही. ती टॅप अवस्थेत येते, पण प्लेन्स जातीची असल्यामुळे शोधता येते. दोन पांढरी परमनंट असली की एक पांढरा माना भरून आणि जमीन टॅप करून ग्रेव्हयार्डातलं (वापरून झालेल्या पानांच्या ढिगातलं) पान लायब्ररीच्या तळाशी ठेवता येतं. तळाशी असो की वर, सनफोर्जरला फरक पडत नाही. टेफेरीज प्रोटेक्शन रिझॉल्व्ह झालं की स्वतःला एक्झाइल करतं, ते परत येणार नाही. गंमत म्हणजे समोरच्याने ते काउंटर केलं तर ते ग्रेव्हयार्डात जातं, आणि मिस्टव्हेल प्लेन्स ते उचलून परत देते. फेदर, द रिडीम्डच्या डेकमध्ये बरोबर उलट: तुमच्या क्रीचरला टार्गेट केलेलं पान रिझॉल्व्ह झालं तरच हातात परततं. काउंटर झालं तर नाही.

कमांडरमध्ये शंभर पानांचा डेक आणि प्रत्येक पान एकच, त्यामुळे दहा-बारा इन्स्टंट पुरतात, पण कामं वेगवेगळी हवीत: एक-दोन काउंटर, क्रीचर मारणारं एक, आर्टिफॅक्ट फोडणारं एक, बोर्ड वाचवणारं एक, केऑस वॉर्पसारखं सर्व रोगांवरचं एक. सगळीच डॅमेजची घातलीत तर शस्त्र महागडा हातोडा होऊन बसतं. कार्डावर लाल-पांढऱ्या मानाची चिन्हं असल्यामुळे तुमच्या कमांडरच्या रंगांत दोन्ही असायलाच हवेत. साठ पानांच्या डेकमध्ये हे घालू नका. मॉडर्नमध्ये ते चालतं, पण आठ माना जमेपर्यंत डाव उरलेला नसतो.

जुनं, २००५चं छापील कार्ड हाती आलं तर त्यावर ‘कास्ट’ऐवजी ‘प्ले’ आणि माना व्हॅल्यूऐवजी जुनी संज्ञा दिसेल. नियम नव्या शब्दांप्रमाणेच लागतात. कोणी ‘प्ले म्हणजे कास्ट नाही, म्हणून काउंटर होत नाही’ असं म्हणत असेल तर त्याला स्टॅकवर पडलेलं पान दाखवा.